कूलरसमोरचे उंदीर

माझ्या निवृत्तीच्या समारंभात एका मुलीने उठून विचारलं, "मॅडम, ताण आणि मेंदू याच विषयाकडे तुम्ही कशा वळलात?" समोर शाल होती, नारळ होता, तरुण मुलं पेनं सरसावून बसली होती. त्यांना काहीतरी ध्येयाचं, जिद्दीचं ऐकायचं होतं. मी म्हटलं, "किळस आली म्हणून." सभागृह हसलं. बाई विनोदी आहेत असं त्यांना वाटलं असावं. मी विनोद करत नव्हते, पण निरोपाच्या दिवशी कुठे खुलासे करत बसायचं, म्हणून मीही हसले आणि खाली बसले. तो खुलासा आता करते आहे. ज्याच्यामुळे ही किळस आली त्या माणसाचं नाव मात्र इथे घेणार नाही. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली, आणि त्याचं नाव उच्चारलं की मला अजून चूळ भरावीशी वाटते. आम्ही त्याला सर म्हणायचो, तेवढंच पुरे.

आमचं घर नागपुरात, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत. आम्ही कोष्टी. आजोबांच्या वेळी घरात माग होते म्हणे, मला आठवतो तो शेवटचा एक. तोही बाबांनी मोडला, मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला आणि इतवारीत एका कापडाच्या दुकानात नोकरी धरली. बुजवलेल्या खड्ड्यावर माझं अभ्यासाचं टेबल आलं. जमीन नीट बसली नव्हती, त्यामुळे टेबल कायम एका पायावर लंगडायचं. शेजारच्या काकांकडे मात्र माग चालू होता, आणि त्याची खटक-खटक आमच्या भिंतीतून दिवसभर यायची. मी एम.एस्सी.चा सगळा अभ्यास त्या आवाजात केला. तो मध्येच थांबला की आई तांदूळ निवडता निवडता मान वर करून म्हणायची, "धागा तुटला वाटते." मग पुन्हा खटक-खटक सुरू झाली की मान खाली.

आई बुधवारी मटण करायची, आमचं कोष्ट्यांचं झणझणीत सावजी. सकाळपासून पाट्यावर धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, लवंगा वाटायला बसायची. जवसाच्या तेलात तो मसाला पडला की पलीकडच्या गल्लीतली माणसं खोकायची. रश्श्यावर बोटभर तांबडी तर्री यायची. खाताना नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि तरी हात थांबायचा नाही. बाबा ज्वारीची भाकरी कुस्करून त्यात रस्सा ओतायचे आणि जेवण होईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. मी पीएच.डी.साठी एका कॉलेजच्या शरीरशास्त्र विभागात जायला लागले, तेव्हा बुधवारी हाच डबा न्यायचे. एकदा सर माझ्या टेबलाजवळून जाताना थबकले, नाकाने वास ओढला आणि म्हणाले, "सावजी का गं?" मी संकोचून डबा पुढे केला. त्यांच्या घरी कांदासुद्धा वर्ज्य होता. बायकोचे उपास-तापास, देव, सोवळं. तो डबा त्यांनी केबिनचं दार लावून संपवला. पुढच्या बुधवारी आईने दोन डबे भरले. त्यानंतर तो रिवाजच पडला, आणि घरात त्याचा कोण अभिमान. आई शेजारणीला सांगायची, "हिच्या सरायले माह्याच हातचं लागते."

आता उंदरांच्या खोलीबद्दल. विभागाच्या मागच्या बाजूला, पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर घेणारी ती खोली. आत शिरलं की मूत, ओला भुसा आणि फिनाइल यांचा वास डोळ्यांना झोंबायचा. तो ओढणीत बसायचा, वेणीत बसायचा. संध्याकाळी घरी आले की आई मागच्या अंगणात बादली भरून उभी असायची. "आंधी आंग धू, मंग घरात ये," हे तिचं स्वागत. आमचं काम असं. उंदराला प्लास्टिकच्या अरुंद नळीत सरकवायचं, हलता येणार नाही असं बंद करायचं, ठरावीक वेळाने काढायचं. असं रोज. काही आठवड्यांनी लहानशा पात्याखाली त्याची मान द्यायची, रक्त गोळा करायचं, त्यात ताणाचं संप्रेरक किती ते मोजायचं, मेंदू काढून काप करायचे. मग पातं आणि भांडी कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये धुवायची. हे मी नंतरही आयुष्यभर केलं, आणि त्यातून कळलेल्या गोष्टींचं मोल मला आहे. तरी सांगते, मला त्याची कधीही सवय झाली नाही, आणि ज्यांना होते त्यांच्याशी माझं जमलं नाही.

सर शहरात ताणाचे तज्ज्ञ म्हणून प्रसिद्ध होते. रोटरी, महिला मंडळ, बँकेचे कर्मचारी, कुठे कुठे त्यांची व्याख्यानं व्हायची. 'टेन्शन सोडा, आनंदात जगा.' पांढरा झब्बा घालून, डोळे अर्धे मिटून, सात्त्विक आहाराचं महत्त्व सांगायचे. बायका रडायच्या. तेच गृहस्थ विभागात आले की आम्ही विद्यार्थी जिन्यावरच्या चपलांचा आवाज ऐकून उभे राहायचो. माझ्याबरोबरची एक मुलगी त्यांची हाक ऐकली की आधी बाथरूममध्ये पळायची आणि मग केबिनमध्ये जायची. कोणाचा प्रबंध कधी जाईल, कोणाची शिष्यवृत्ती पुढे चालेल, सगळं त्यांच्या एका सहीवर. हातात खडीसाखर धरून पोराला नाचवावं तसे त्या सहीवर ते आम्हांला नाचवायचे. त्या व्याख्यानांना खुर्च्या मांडायला आम्हीच जायचो. मागे उभी राहून मी त्यांचं 'क्षमाशील व्हा' ऐकायचे आणि मला शिसारी यायची.

माझा प्रबंध एका टॉनिकवर होता. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत कोणीतरी जडीबुटीचं औषध काढलं होतं, परीक्षेच्या टेन्शनवर. प्रयोग सोपा होता. दोन गट. दोघांनाही रोज नळीत कोंडायचं. एकाला टॉनिक द्यायचं, दुसऱ्याला नुसतं पाणी. आम्ही त्यांना टॉनिकवाले आणि पाणीवाले म्हणायचो. निकाल असा आला की सर केबिनमधून धावत बाहेर आले. टॉनिकवाले इतके शांत होते की जणू त्यांना कोणी नळीत घातलंच नव्हतं, आणि पाणीवाल्यांची दैना. सरांनी पेढे वाटले. कळमेश्वरचे मालक गाडी घेऊन आले, माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. घरी आईने देवापुढे साखर ठेवली. मीसुद्धा त्या रात्री आनंदात झोपले, खोटं कशाला सांगू.

मग मे महिन्यात उंदरांच्या खोलीतला कूलर जळाला. हा कूलर काय प्रकार होता ते सांगायला हवं. लोखंडी पत्र्याचा, पंख्याची पाती वाकडी, चालू केला की खिडकीच्या काचा थरथरायच्या. तो पाणीवाल्यांच्या पिंजऱ्यांसमोर लावलेला होता, आणि तो तिथे लावायला सरांनीच सांगितलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात पिंजरे मांडताना ते म्हणाले होते, "टॉनिकवाल्यांना टॉनिक मिळतंच आहे. या बिचाऱ्यांना निदान हवा तरी मिळू दे." टॉनिकवाले आतल्या बाजूला, औषधाच्या कपाटापाशी, जाड भिंतीच्या आडोशाला. ही व्यवस्था आम्हां कोणालाच खटकली नाही. नागपुरात मे महिन्यात एखाद्यावर दया करायची म्हणजे त्याची खाट कूलरसमोर सरकवायची, दुसरं काय. पाहुण्याला, बाळंतिणीला, नव्या जावयाला आपण तेच करतो. मोटर जळाल्यावर मिस्त्री काही लवकर आला नाही, आणि त्या काळात पाणीवाले उंदीर निवळायला लागले. खोली तापलेली, हवा नाही, तरी ते खाऊ लागले, अंग चाटू लागले, शेपटीतून काढलेल्या थेंबभर रक्तातलं संप्रेरक उतरलं.

मी गप्प राहून पिंजऱ्यांची अदलाबदल केली. कूलर दुरुस्त होऊन आला तेव्हा त्याच्यासमोर टॉनिकवाले होते, आणि पाणीवाले आत भिंतीआड. टॉनिक रोज नेमाने देत होते. टॉनिकवाल्यांची दैना झाली. पाणीवाले शांत. उंदरांना आपल्यापेक्षा कितीतरी बारीक आवाज ऐकू येतात, आणि त्या पत्र्याच्या खोक्यातून काय काय किंचाळत असेल ते आपल्या कानांना कळतसुद्धा नाही. आम्ही ज्यांना सुखात ठेवलं असं समजत होतो, त्यांना रात्रंदिवस छळत होतो. टॉनिकात काही नव्हतं. मी हे सगळं प्रबंधात एक वेगळं प्रकरण करून लिहिलं आणि सरांपुढे ठेवलं.

त्यांनी ते उभ्याउभ्या चाळलं. "अख्खं नागपूर कूलरसमोर झोपतं. सगळे वेडे झालेत का?"

"सर, उंदरांना ऐकू येतं ते आपल्याला—"

"मग कापूस घाल त्यांच्या कानात." स्वतःच्या विनोदावर ते हसले. मग आवाज खाली आणला. "हे बघ, हे प्रकरण काढून टाक. बाकी प्रबंध उत्तम आहे. काढ, आणि सही घेऊन जा."

"पण सर, हे काढलं तर बाकीचं खोटं ठरतं."

"खोटं कोण ठरवणार आहे? तू?" त्यांनी प्रबंध उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. "मी थांबू शकतो. तुला थांबता येतं का बघ."

त्या दिवसापासून मी डबा नेणं बंद केलं. घरी सगळं सांगितलं. बाबा अंगणात खाटेवर बसून ऐकत होते. त्यांना वाटत होतं मी उगाच ताणते आहे. "सही घे अन् मोकळी हो वं," ते म्हणाले. "उंदीर काय कोर्टात जाऊन राहिले?" मी म्हटलं, लोक आपल्या पोरांना ते टॉनिक पाजतील. "पाजतीन तर पाजतीन. इथं तुह्या चार वर्षाचं काय होऊन राहिलं ते पाह्य." आई काही बोलली नाही. ती चूल सारवत होती. तिचं न बोलणं मला माझ्या बाजूचं वाटलं. शिष्यवृत्ती संपली होती, म्हणून मी कळमेश्वरच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागले. सकाळी एस.टी.ने जायचं, संध्याकाळी परत. अधूनमधून सरांना भेटून यायचे. ते पेपर वाचत म्हणायचे, "काढायचं का प्रकरण? नाही? मग बघू."

ते टॉनिक अजून मिळतं. आता मी मनीषनगरात राहते. घराजवळच्या मेडिकलमध्ये ते काउंटरवरच असतं, खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी. बाटलीचा रंग बदललाय, वर हसऱ्या मुलाचं चित्र आलंय. मागे एक बाई आपल्या क्लासला जाणाऱ्या पोरासाठी घेत होती. मी म्हटलं, यात काही नाही हो, मीच तपासलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी तिच्या पोराचे मार्क कापले. घेऊन गेली. आजही तो काउंटर दिसला की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

तर एका बुधवारची गोष्ट. कळमेश्वरच्या कॉलेजात कसलीशी सुट्टी अचानक जाहीर झाली, म्हणून मी अर्ध्या वाटेतून परतले आणि म्हटलं, विभागात जाऊन येऊ. दुपारच्या उन्हात मागच्या दाराने आत शिरले. व्हरांड्यात आधी वास आला. जवसाचं तेल, दगडफूल, लवंग. माझ्या घराचा वास, तिथे, त्या फिनाइलमध्ये. मला वाटलं भास झाला. मग प्रयोगशाळेच्या दारातून पाहिलं तर माझी आई कोपऱ्यातल्या बेसिनपाशी, पदर खोचून, डबा घासत उभी होती.

डबा मागच्या बुधवारचा होता. घरी नेता येत नाही आणि शिपाई माळकरी, तो शिवत नाही, म्हणून सर जेवून झालं की डबा तसाच केबिनच्या खिडकीत ठेवून द्यायचे. आठवडाभर, त्या उन्हात. आत हिरव्या-काळ्या बुरशीची साय धरली होती, तळाला हाडं चिकटली होती, आणि आई ती नखांनी खरवडत होती. तिच्या कोपराला लागून आमचं पातं होतं. बेसिनच्या जाळीत राखाडी केस अडकले होते, कडेला कोणीतरी सकाळी धुतलेलं रक्त अर्धवट वाळलं होतं.

"तू इथं काहून आली?" मी ओरडलेच.

ती दचकली. मग डबा घासत राहिली. "तुह्यासाठीच येऊन राहिली वं. दर बुधवारी. दोन घास गोड लागले तं माणूस नरम पडते. आज करतो म्हणते, उद्या करतो म्हणते."

"कधीपासून?"

"तुह्यं नेणं बंद झालं तवापासून." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुह्या बाबाले माहीत नाही. सांगू नको."

मी तिच्या हातातून डबा घ्यायला गेले. "इथे नको धुऊस. आई, इथे उंदीर कापतो आम्ही. हे रक्त त्यांचंच आहे. तुला कोणी सांगितलं नाही?"

आईचा हात थांबला. तिने बेसिनकडे पाहिलं, पात्याकडे पाहिलं, आपल्या साबणाच्या हातांकडे पाहिलं. "तुह्या सरानंच दाखवलं," ती म्हणाली. "म्हणे, तिथं धुवा."

चार दशकं मी ताणावर काम केलं आहे. फार दिवस ताणात राहिलं की मेंदूच्या आठवणी सांभाळणाऱ्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडतात, हे मी शेकडो विद्यार्थ्यांना काचपट्टीवर दाखवलं. माझ्या त्या काळातल्या बऱ्याच गोष्टी खरंच पुसल्या गेल्यात. माझ्या बॅचच्या निम्म्या लोकांची नावं आठवत नाहीत. पण 'तिथं धुवा' हे दोन शब्द कुठल्याच पेशीने सोडलेले नाहीत.

मी केबिनचं दार न ठोठावता उघडलं. सर जेवत होते. टेबलावर पेपर पसरलेला, त्यावर आजचा डबा, झब्ब्याच्या बाह्या वर सारलेल्या. ओठांवर तर्री. हाड चोखताना मान वर करून म्हणाले, "ये, ये. आईंच्या हाताला काय चव आहे गं!" मी कपाटाशी गेले. किल्ली कुलपालाच लटकत होती. प्रबंध काढला. ते म्हणाले, "आण, बरं झालं. ते एक प्रकरण काढ, आत्ता करतो सही." आणि त्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला, त्याच हाताने पानं उलटली, कूलरचं प्रकरण शोधलं आणि त्या पानावर तेलकट, तांबडं बोट ठेवून म्हणाले, "हे. इथून इथपर्यंत. फाडलं की झालं."

मी प्रबंध परत घेतला. "सही नको," म्हटलं. आणखी बरंच बोलायचं मनात होतं, वर्षानुवर्षं जमवलेलं, पण तेवढंच निघालं.

"पुन्हा पहिल्यापासून करशील?" ते हसत होते. "तुला घेणार कोण?"

आई दारात उभी राहून ऐकत होती. मी तिचा हात धरून तिला व्हरांड्यातून बाहेर आणलं, मागच्या दारापर्यंत. ऊन डोळ्यांवर आलं. तिने हात सोडवला आणि विचारलं, "एकच प्रकरण काढाचं म्हणते तो. अन् तू काढत नाही?"

"नाही."

"मंग डिग्री?"

"नाही मिळणार. इथे तरी नाही."

"जे लिहिलं ते खरं हाय न?"

"हो."

तिने पदराने हात पुसले, एकेक बोट, सावकाश. मला वाटलं आता रडेल, आता म्हणेल की काढून टाक, हात जोडते. ती स्वतः कधी कॉलेजात शिकली नव्हती. माझ्या नावामागे डॉक्टर लागणार म्हणून तिने चारचौघींत काय काय सांगून ठेवलं होतं ते मला ठाऊक होतं. सरांचं म्हणणं पुढे बरंचसं खरंही ठरलं. मला घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी दुसऱ्या राज्यात, ताणाने मेंदूचं काय होतं या नव्या प्रबंधावर, पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली. मला डिग्री मिळाली तेव्हा बाबा नव्हते, आणि आईला नीट दिसत नव्हतं. त्या दुपारी दारात यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होतं एवढंच की चार वर्षं आत्ताच गेली.

"थांब इथं," आई म्हणाली आणि मागे वळली. मला वाटलं चप्पल विसरली असेल. पाहिलं तर पायात होती. मी सावलीत उभी राहिले. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग सरांचा आवाज, मोठा, चिडलेला, मग काहीच नाही. आई बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत डबा होता, उघडाच. त्यात अर्धं मटण तसंच होतं, रस्सा हिंदकळून तिच्या मनगटावरून ओघळत होता.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणे, अहो बाई, मी जेवून राहिलो न."

"मग?"

"म्या म्हणलं, दिसून राहिलं मले."